कोल्हापूर ते दिब्रुगड : नकाशावरचे अंतर, हवेतला वेळ आणि प्रत्यक्षातला प्रवास

पंचगंगाकाठचा

नमस्कार मंडळी. आमचे जावई आसाममध्ये दिब्रुगडपासून तासाभराच्या अंतरावर एका चहाच्या मळ्यात व्यवस्थापक आहेत आणि येत्या डिसेंबरमध्ये आम्ही उभयता प्रथमच लेकीकडे जाण्याचा विचार करीत आहोत. अंतरे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर कोल्हापूर आणि दिब्रुगड अशी दोन नावे घातली, तेव्हा विमानाचे अंतर २४४६ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ३ तास ३३ मिनिटे असे उत्तर आले. सौभाग्यवतींनी ते वाचून लगेच जाहीर केले की सकाळची पूजा आटोपून निघालो तर दुपारचे जेवण लेकीच्या हातचे. तिकिटे पाहायला बसलो तेव्हा मात्र अकरा तासांपासून तीस तासांपर्यंत वाटेल ते आकडे दिसू लागले. कुठे दोन विमाने बदलायची, कुठे तीन, आणि एका पर्यायात तर कोल्हापूरहून मुंबई, तिथून दिल्ली आणि मग दिब्रुगड असा अर्ध्या देशाला वळसा होता.

माझे शंकानिरसन व्हावे एवढ्यासाठी हा धागा काढला आहे. हे २४४६ किलोमीटर नेमके कुठून कुठपर्यंत मोजलेले असतात? साडेतीन तास हा आकडा कोणत्या विमानाचा आहे, जे अस्तित्वातच नाही त्याचा का? आणि दोन विमाने बदलून जाताना आपण खरोखर किती जास्त अंतर उडतो? मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आकडे जुळत नसतील तर रात्री झोप लागत नाही, हा माझा दोष समजून घ्यावा.

अक्षांशमास्तर

आपला प्रश्न आवडला. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

हे अंतर शहरापासून शहरापर्यंतचे नसते. उजळाईवाडीच्या विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू आणि दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळाचा तसाच बिंदू, यांच्यामध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागावरून काढलेली सर्वांत जवळची रेषा म्हणजे हे अंतर. अशी रेषा बृहद्वृत्ताचा तुकडा असते, म्हणजे गोलाला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा भाग.

संकेतस्थळावर विश्वास नसेल तर कागदावर ताळा करता येतो. कोल्हापूर विमानतळ १६.६६ अंश उत्तर आणि ७४.२९ अंश पूर्व येथे आहे, तर मोहनबारी २७.४८ अंश उत्तर आणि ९५.०२ अंश पूर्व येथे. अक्षांशांतला फरक १०.८२ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तरेकडचे अंतर १२०३ किलोमीटर येते. रेखांशांतला फरक २०.७३ अंश आहे, परंतु रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे साधारण २२.०७ अंशांच्या कोटिज्येने (कोसाइनने) गुणावे लागते. ती ०.९२७ आहे. गुणाकार १९.२२ अंश, म्हणजे २१३७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : १२०३ चा वर्ग अधिक २१३७ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ २४५२. आठवीच्या गणिताने आपण खऱ्या उत्तराच्या सहा किलोमीटर जवळ पोहोचलो. उरलेली चूक पृथ्वी सपाट मानल्याची आहे.

येथे एक गैरसमजही दूर करतो. पृथ्वी गोल असल्यामुळे विमाने वाकड्या मार्गाने जातात आणि त्यातून पुष्कळ अंतर वाचते, असे सर्रास सांगितले जाते. ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला लागू आहे. कोल्हापूर-दिब्रुगडसाठी मी दोन्ही गणिते केली. बृहद्वृत्ताने जायचे तर निघताना दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ५७ अंश असते आणि पोहोचताना ६५ अंश होते. त्याऐवजी होकायंत्राचा एकच कोन, साधारण साडेसाठ अंशांचा, शेवटपर्यंत धरून गेलात तर सगळे मिळून जेमतेम दोन किलोमीटर जास्त पडतात. एवढे तर विमान धावपट्टीपर्यंत जाताना जमिनीवरच चालते.

सोलापुरी चादर

मास्तर, ही रेषा कोणकोणत्या गावांवरून जाते तेही सांगा. आमच्या डोक्यावरून जात असेल तर हात करू.

अक्षांशमास्तर

गंमत म्हणून विचारलेत, पण उत्तर खरोखरच तसे आहे. रेषा अगदी सोलापूर शहरावरूनच जाते! कोल्हापूरपासून सुमारे २०४ किलोमीटरवर. पुढे ती लातूरच्या दक्षिणेकडून तेलंगणात शिरते, राजुऱ्याजवळ पुन्हा महाराष्ट्राच्या कोपऱ्याला स्पर्श करते आणि चंद्रपूर डाव्या हाताला ठेवून छत्तीसगडमध्ये जाते. रायपूर पंचवीस-तीस किलोमीटरवर डावीकडे राहते. मग रांची आणि जमशेदपूर यांच्या मधून, मुर्शिदाबादवरून, राजशाहीच्या किंचित उत्तरेकडून बांगलादेशात प्रवेश होतो. तेथून गारो टेकड्या आणि त्यानंतर जवळजवळ गुवाहाटीच. गुवाहाटीपासून दिब्रुगड आणखी ३७० किलोमीटर.

ज्यांच्याकडे पृथ्वीगोल असेल त्यांनी दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणून पाहावा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तरी येथे फारसा फरक पडणार नाही.

उड्डाणफलक

मी अनेक वर्षे एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात काम केले आहे. अंतराचे गणित मास्तरांनी चोख सोडवले असल्यामुळे मी वेळेकडे वळतो.

धागाकर्त्यांना मिळालेला आकडा कोणत्याही विमानाचा नाही, ही त्यांची शंका बरोबर आहे. अशा संकेतस्थळांचा ठोकताळा साधा असतो : अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि चढण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवायचा. २४४६ भागिले ८०० म्हणजे ३ तास ३ मिनिटे, त्यात तीस मिनिटे, झाले ३ तास ३३ मिनिटे. ठोकताळा अगदीच टाकाऊ नाही. जेट विमानासाठी आणि लांबच्या पल्ल्यासाठी तो बऱ्यापैकी जुळतो. पण तोच कोल्हापूर-हैदराबादला लावून पाहा. अंतर ४४५ किलोमीटर, म्हणजे उत्तर एक तास तीन मिनिटे. प्रत्यक्षात त्या मार्गावर पंख्याची एटीआर विमाने चालत आली आहेत, त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो आणि वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा जास्तच वेळ धरलेला असतो.

येथे दोन वेळांमधला फरक ध्यानात घ्यावा. चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो ब्लॉक टाइम. चाकांपुढे जे ठोकळे लावतात, ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा काळ असा त्याचा मूळ अर्थ. वेळापत्रकात छापतात तो दुसरा, आणि त्यात मोठ्या विमानतळांवर रांगेत उभे राहण्याचाही वेळ मिळवलेला असतो. म्हणून एखादे विमान वीस मिनिटे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. कौतुक खरे तर वेळापत्रक बनवणाऱ्याचे करायला हवे (हे मी तटस्थपणे सांगत नाही, हे उघडच आहे).

आता वारा. डिसेंबर-जानेवारीत हिमालयाच्या दक्षिणेला, साधारण पंचवीस ते तीस अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आणि बारा किलोमीटर उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जोरात असतो. कोल्हापूर-दिब्रुगड रेषेचा पूर्वार्ध त्याच्या बाहेर आणि उत्तरार्ध त्याच्या कक्षेत येतो. सबंध मार्गावर सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे असे उदाहरणादाखल धरू, आणि विमानाचा हवेतला वेग ८३० धरू. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९१० होतो आणि २४४६ किलोमीटर २ तास ४१ मिनिटांत संपतात. येताना तोच वारा तोंडावर येतो, वेग ७५० उरतो आणि ३ तास १६ मिनिटे लागतात. अंतर तेच, विमान तेच, फरक पस्तीस मिनिटांचा.

यातली एक बारीक गोष्ट मला नेहमी मोहवते. वारा अजिबात नसता तर जाण्यायेण्याला मिळून सुमारे ५ तास ५४ मिनिटे लागली असती. वाऱ्यासह ५ तास ५७ मिनिटे लागतात. जाताना मिळालेले येताना परत घेतले जाते आणि वर तीन मिनिटांचे व्याजही भरावे लागते, कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. बँकवाल्यांना हे पटावे.

पंचगंगाकाठचा

पूर्ण पटले. ठेवीवर कमी आणि कर्जावर जास्त, हे तत्त्व आकाशातही चालते तर!

पावसाळ्यातही असेच असते का?

उड्डाणफलक

पावसाळ्यात चित्र पालटते. उत्तरेकडचा पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर, साधारण चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा जेट प्रवाह उभा राहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावर लिहिले आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. प्रवासी विमाने त्याच्या गाभ्याच्या खालून उडतात, पण त्याचा परिणाम त्यांच्या उंचीवरही जाणवतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाजूला पूर्वेकडे जाताना वारा समोरून लागण्याचीच शक्यता अधिक. मात्र त्या दिवसांत वाऱ्यापेक्षा ढगच जास्त वेळ खातात. गडगडाटी ढगांना वळसा घालण्यात किती किलोमीटर वाढतील हे आधी सांगता येत नाही.

अवांतर : पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजार फुटांवर उडतात, म्हणजे ३५ किंवा ३७ हजार, आणि पश्चिमेकडे येणारी सम हजार फुटांवर. जाताना आणि येताना वैमानिकाने सांगितलेली उंची लिहून ठेवा, बहुतेक जुळेल.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. माझा प्रश्न भाबडा वाटेल, पण थेट विमान का नाही? सरकारने प्रादेशिक विमानतळ जोडण्याची योजना आणली, अडीच हजारांत तासाभराचे उड्डाण म्हणून जाहिराती झाल्या, मग कोल्हापूर आणि दिब्रुगड या दोन टोकांना जोडणारे आठवड्यातून एक विमान तरी का असू नये?

उड्डाणफलक

प्रश्न भाबडा नाही. २०१६ साली आलेली उडान योजना आणि तिचे अडीच हजारांचे भाडे मुख्यतः तासाभराच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या उड्डाणांसाठी आखले होते. २४४६ किलोमीटर त्याच्या पाचपट होतात.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर एटीआर येथे बाद होते, कारण पूर्ण प्रवासी घेऊन तिचा पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आसपास संपतो. एअरबस ३२० ला हे अंतर सहज झेपते. पण सहज झेपणे आणि कोल्हापूरहून झेपणे यांत फरक आहे. पुढचा सगळा प्रवास, मोहनबारीत धुके असेल तर जोरहाट किंवा गुवाहाटीपर्यंत जाण्याची सोय, आणि त्यावर घिरट्या घालण्यासाठी आणखी अर्ध्या तासाचा साठा, एवढे इंधन घेऊन उडायचे तर विमान जड होते. कोल्हापूरची धावपट्टी मोठ्या शहरांच्या मानाने आखूड आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, आणि मग वजन कमी करण्यासाठी काही आसने रिकामी ठेवावी लागतात. मोहनबारी अवघ्या शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे परतीच्या उड्डाणाला ही अडचण तितकी नाही.

मुख्य कारण मात्र प्रवासी. एकशे ऐंशी आसने भरायची तर कोल्हापूर, सांगली, बेळगाव परिसरातून एकाच दिवशी एकशे ऐंशी माणसांना दिब्रुगडला जायचे असले पाहिजे. लष्करातले जवान, तेल कंपन्यांमधले अभियंते, चहाच्या व्यवसायातले लोक आणि धागाकर्त्यांसारखे सासू-सासरे मिळून आठवड्याला किती होतील याचा अंदाज आपणच करा. म्हणून कंपन्या सगळ्यांना हैदराबाद-कोलकात्यासारख्या ठिकाणी गोळा करतात आणि पुढे वाटून देतात. तुमच्या विमानात तिरुपतीला जाऊन आलेला असतो, कोलकात्याला निघालेला असतो, आणि त्यांच्या जोडीने तुम्ही.

अक्षांशमास्तर

धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून मी टप्प्यांची अंतरे काढली आणि मलाच आश्चर्य वाटले.

कोल्हापूर-हैदराबाद ४४५, हैदराबाद-कोलकाता १२०७, कोलकाता-दिब्रुगड ८५२. बेरीज २५०४ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा फक्त ५८ किलोमीटर जास्त, म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाही. दोनदा उतरून चढूनही आपण जवळजवळ सरळच जातो. मुंबई आणि कोलकात्यावरून गेलात तर ३०९ अधिक १६६५ अधिक ८५२, एकूण २८२६. आणि तो मुंबई-दिल्लीचा वळसा ३२०८ किलोमीटरचा आहे, तब्बल ७६२ किलोमीटर फुकटचे. उद्या कोणी कोल्हापूर-कोलकाता थेट विमान सुरू केले, तर एकच थांबा घेऊन २४७६ किलोमीटरमध्ये काम होईल.

तेव्हा प्रवास लांबतो तो अंतरामुळे नव्हे. हैदराबादचाच पर्याय घ्यावा, असे माझे मत.

उड्डाणफलक

मास्तरांच्या आकड्यांना माझी पुस्ती : विमाने प्रत्यक्षात ठरलेल्या हवाई मार्गांवरून, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे जातात, शिवाय वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरायचे ते ठरते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला थोडे अंतर वाढतेच. तीन टप्प्यांत ते तीनदा वाढते.

आणि एक व्यवहाराची सूचना. तिन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान रखडले, तर पुढची कंपनी तुमच्यासाठी जबाबदार राहत नाही. सामानही मध्ये ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते.

मळ्यातली मराठी

मी गेली अकरा वर्षे वरच्या आसामात आहे, त्यामुळे काकांना एक सावधगिरीची सूचना देते. तुमच्या जावयांनी वेळ सांगितली तर ती कोणत्या घड्याळाची, हे आधी विचारा. येथील चहाच्या मळ्यांत अजूनही बागान टाइम चालतो. तो भारतीय प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे असतो. मळ्याचा भोंगा, कामगारांची हजेरी आणि साहेबांच्या बंगल्यातले जेवण त्याच वेळेवर होते, आणि गेटाबाहेर पडले की बँक, शाळा आणि विमानतळ प्रमाणवेळेवर. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा ह्यांनी तीन वाजता गाडी पाठवतो म्हणून कळवले होते. गाडी मळ्याच्या तीन वाजता, म्हणजे विमानतळाच्या दोन वाजता, मोहनबारीच्या दारात उभी! विमान पावणेतीनला उतरले, तोवर चालक कंटाळून चहा प्यायला गेलेला होता आणि सासरेबुवा बाहेर येऊन गाडी आली नाही म्हणून रागावलेले.

डिसेंबरात शक्यतो दुपारपूर्वी उतरा. चार-सव्वाचारला येथे दिवेलागण होते आणि नंतर मळ्याच्या रस्त्याने धुक्यातून जावे लागते.

कृष्णाकाठ

चार-सव्वाचार? आमच्याकडे तेव्हा शाळासुद्धा सुटलेली नसते. रेखांशाचा फरक वीस अंशांचा, अंशाला चार मिनिटे, म्हणजे फरक तासा-सव्वातासाचा हवा. हा जास्त कसा?

अक्षांशमास्तर

हिशेब योग्य आहे, पण अर्धाच. २०.७३ गुणिले चार म्हणजे ८३ मिनिटे, हा मध्यान्हीचा फरक. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. कोल्हापूरचा सूर्य तिच्यापेक्षा ३३ मिनिटे मागे आणि दिब्रुगडचा ५० मिनिटे पुढे. परंतु दिब्रुगड अकरा अंशांनी उत्तरेलाही आहे, म्हणून तेथील हिवाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा साधारण पाऊण तासाने लहान असतो. तो दोन्ही बाजूंनी कापला जातो. २१ डिसेंबरला दिब्रुगडचा सूर्यास्त सुमारे ४ वाजून २० मिनिटांनी होतो आणि कोल्हापूरचा ६ वाजून ५ मिनिटांनी. फरक पावणेदोन तासांचा. सूर्योदयांतला फरक मात्र त्या दिवशी जेमतेम तासाभराचा असतो. जूनमध्ये हे बरोबर उलटे होते : तेथे सव्वाचारला उजाडते, येथे सहाला, आणि संध्याकाळचा फरक तासावर येतो.

ब्रिटिश मळेवाल्यांनी घड्याळ तासभर पुढे का केले ते यावरून समजावे.

सोलापुरी चादर

मोहनबारी हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात वाचल्याचे आठवते. तोच विमानतळ का?

मळ्यातली मराठी

होय, तोच. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत चीनच्या कुनमिंगकडे हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून जो हवाई पुरवठा चालत असे, त्यात चाबुआ, दिंजान, मोहनबारी, सुकेरेटिंग हे आसपासचे सगळे तळ वापरात होते. त्या मार्गाला वैमानिक ‘द हम्प’, म्हणजे उंट किंवा बैलाच्या पाठीवर असते ते वशिंड, म्हणत. तो पल्ला कोल्हापूर-दिब्रुगडच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता, आणि तरीही कितीतरी विमाने परत आली नाहीत.

पंचगंगाकाठचा

मंडळी, जाऊन आलो. वहीत सगळे टिपले आहे, ते देतो.

मास्तरांच्या सल्ल्याप्रमाणे हैदराबाद-कोलकाता मार्ग घेतला. कोलकात्याला संध्याकाळी पुढचे विमान मिळत नसल्यामुळे तेथे मुक्काम केला. पहिल्या टप्प्यात विमान सकाळी १० वाजून ४४ मिनिटांनी जागेवरून हलले, ५२ ला चाके सुटली, ११ वाजून ५० ला हैदराबादला टेकली आणि ५७ ला ते उभे राहिले. हवेत ५८ मिनिटे, ब्लॉक टाइम १ तास १३ मिनिटे. हैदराबाद-कोलकाता हवेत १ तास ३८ मिनिटे, एकूण १ तास ५५ मिनिटे. दुसऱ्या दिवशी कोलकात्याहून ११ वाजून २० ला निघून १२ वाजून ४५ ला मोहनबारीत उभे. त्यातली हवेतली ७० मिनिटे. तिन्ही टप्प्यांची बेरीज केली तर हवेत आम्ही ३ तास ४६ मिनिटे होतो. संकेतस्थळाच्या ३ तास ३३ मिनिटांपेक्षा अवघी तेरा मिनिटे जास्त! म्हणजे ज्या आकड्याला मी खोटे ठरवायला निघालो होतो, तो हवेपुरता जवळजवळ खरा निघाला. फक्त उजळाईवाडी ते मोहनबारी एकूण सव्वीस तास आणि एक मिनिट लागले, आणि त्यातले बावीस तासांहून अधिक जमिनीवर गेले.

येताना दिब्रुगड-कोलकाता टप्प्याला हवेत ७९ मिनिटे लागली, म्हणजे नऊ मिनिटे जास्त. उड्डाणफलक यांचे व्याज वसूल झाले. उंचीही विचारून घेतली : जाताना ३५ हजार फूट, येताना ३६ हजार.

कोलकात्याहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घेतली होती. बांगलादेशावर खाली नद्यांचे जाळे आणि पाण्याने चमकणारी शेते, आणि दूरवर, आधी ढग म्हणून दुर्लक्ष केलेली, बर्फाची एक अखंड किनार. सौभाग्यवतींनी दहा मिनिटे तिच्याकडे पाहिले आणि मग मला विचारले, की ती जागची हलत कशी नाही. उतरण्यापूर्वी ब्रह्मपुत्रा दिसली. एक नदी म्हणावी असे तिचे रूप नव्हते, वाळूच्या बेटांमधून पंधरा-वीस धारा वेगवेगळ्या चालल्या होत्या.

जावयांनी गाडी वेळेवर पाठवली, कारण मी आधीच विचारून ठेवले होते. तरी बंगल्यावर पोहोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि माझ्या मनगटावर पावणेदोन. लेकीने ताटे वाढून ठेवली होती.

मळ्यातली मराठी

म्हणजे काकूंनी म्हटले होते तसे दुपारचे जेवण लेकीच्याच हातचे झाले. फक्त दिवस दुसरा. पुढच्या वेळी मार्च-एप्रिलमध्ये या. पहिली पाने खुडायला सुरुवात झालेली असते.

पंचगंगाकाठचा

येऊ. मार्चमध्ये वारा कोणत्या बाजूचा असेल तेवढे उड्डाणफलक यांनी कळवावे.

उड्डाणफलक

मार्चमध्ये पश्चिमेचाच असतो, जोर किंचित उतरलेला. येतानाची आठ-नऊ मिनिटे धरूनच निघा. शिवाय मार्चअखेरपासून तेथे दुपारनंतर वादळी ढग उभे राहू लागतात, तेव्हा कोलकात्याहून सकाळचे विमान घ्या.